टोपी टेबलावर

आमच्या सरांविषयी नाशकात जे जे सांगितलं जातं ते सगळं खरं आहे. तांबट आळीत एका तांबटाच्या दुकानावरच्या खोलीत ते राहत आणि रविवारी मॅट्रिकच्या मुलांना तिथंच बोलावून त्या ठणठणाटात भूमिती शिकवत, हे खरं. कोटाच्या खिशात पेरू घेऊन हिंडत, हे खरं. भर वर्गात टोपी काढून टेबलावर ठेवत आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसत, हे तर खरंच खरं. आमच्या वेळचे दोघे-तिघे कुठं भेटले की हे सगळं पुन्हा निघतं, हसणं होतं, आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "तू तर त्यांचा लाडका होतास. तू काहीच कसं बोलत नाहीस रे?"

मी हसतो आणि पानाचं तबक पुढं सरकवतो. इतकी वर्षं सरकवत आलो. आज तबक बाजूला ठेवतो.

आधी टोपीचं सांगतो. काळी टोपी, कडांना ऊन लागून तांबूस झालेली. ती डोक्यावर असली की सर म्हणजे जमदग्नी. खडू पडला तरी वर्गाचा श्वास अडकायचा. पण प्रमेय एकदा शिकवून झालं की ती टोपी उतरायची, टेबलावर जायची, आणि सरांचा चेहराच बदलायचा.

"मास्तर टेबलावर आहे," ते म्हणायचे. "मी नवा मुलगा. जरा ढ आहे. सांभाळून घ्या."

मग शेवटच्या बाकावरच्या मुलाला सरकवून ते तिथं बसायचे, गुडघे बाकात मावत नसत म्हणून तिरपे. आमच्यातल्या कुणीतरी उठून फळ्याशी जायचं आणि ह्या नव्या मुलाला तेच प्रमेय समजावून सांगायचं. पुस्तक इंग्रजीत, समजूत मराठीत. एकदा रविवार कारंजावरच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा फळ्याशी होता. "सरळ रेषा वर्तुळाला दोनच बिंदूंत छेदते," तो म्हणाला.

मागून आवाज आला, "तिसऱ्या बिंदूत का छेदत नाही? कंटाळा येतो का तिला?"

"सर, पुस्तकात तसं दिलंय."

"मी सर नाही. सर टेबलावर आहेत. आणि माझं पुस्तक हरवलंय."

वर्ग हसून लोटपोट. पण तो मुलगा घामाघूम होऊन शेवटी ते प्रमेय असं काही समजला की पुढं दुकानात बसल्यावरही गिऱ्हाइकांना सांगत असे म्हणतात. सर समजल्याशिवाय कधी 'समजलं' म्हणायचे नाहीत. आणि समजलं की एक क्षणही उशीर करायचे नाहीत. लगेच बाकावर थाप मारून म्हणायचे, "समजलं!" ते ऐकायला आम्ही जिवाचं रान करायचो.

पेरूचा नियमही त्यातलाच. चांगल्या प्रश्नाला पेरू. उत्तराला काही नाही. "उत्तर देणं हे तुमचं कामच आहे," ते म्हणायचे. "कामाबद्दल कुणी पेरू देतं का?"

आणि ती रविवारची खोली! खाली हंडे-घागरी ठोकणं चाललेलं, वर आम्ही दाटीवाटीनं बसलेले. कुणी म्हणालं की सर, काही ऐकू येत नाही, तर सर म्हणत, "मग जरा मोठ्यानं विचार कर." त्यांचं म्हणणं, इथं ज्याचं डोकं ठिकाणावर राहील त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये कुणी खोकलं तरी काही होणार नाही. एकदा मात्र खालचा तांबटच जिन्यावरून ओरडत आला, "मास्तर, पोरांना आवरा! तुमच्या कोनांच्या आरड्यानं माझा ठोका चुकतोय!" सरांनी त्याला आत बोलावलं आणि मोठा पेरू दिला.

असे सर. त्यांना वेडे म्हणणारे पुष्कळ होते. पण मॅट्रिकचा वर्ग दरवर्षी त्यांच्याकडेच यायचा, कारण त्यांच्या हाताखालची मुलं पास व्हायची.

आता जोडीचं. त्या काळी मॅट्रिकचा फॉर्म शाळेतून जायचा आणि त्यावर हेडमास्तरांची सही लागायची. थंडीत शाळेची चाचणी परीक्षा होई. तिच्यात ज्याचं काही खरं दिसत नसे त्याचा फॉर्म अडकायचा, कारण त्याला बसवला आणि तो आपटला तर शाळेच्या निकालाला बट्टा. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. शाळा नवी होती आणि निकाल हीच तिची अब्रू होती. सरांनी ह्यावर आपला एक तोडगा काढला होता. वर्ष सुरू होतानाच ते हुशार मुलाची आणि कच्च्या मुलाची जोडी लावायचे आणि सांगायचे, "दोघांचे फॉर्म बरोबरच जातील. एक अडला तर दुसराही घरी. माझ्या वर्गातून जोडीनं बाहेर पडायचं. एकट्यानं काय, माणूस मसणातही जातो."

हा नियम शाळेचा नव्हता, सरांचा होता. पण जोड्या लावायला लागल्यापासून कुणाचा फॉर्म अडलाच नव्हता, त्यामुळे तो कधी पारखला गेला नव्हता.

माझ्या जोडीला दामू आला. कळवणकडच्या एका खेड्यातला, पंचवटीतल्या बोर्डिंगात राहणारा, आमच्यापेक्षा वयानं मोठा. ओठावर मिसरूड, हात नांगराचे. सर बसायचे तो शेवटचा बाक त्याचाच. आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचा, पण घाबरला की त्याचं बोलणं आपल्या गावाला जायचं. "भाऊ, माले नई समजनं," तो म्हणायचा, आणि मान खाली.

त्याचा मामा इगतपुरीला रेल्वेत होता. मामानं साहेबाच्या कानावर घालून ठेवलं होतं की भाचा औंदा मॅट्रिक होतोय, त्याला तेवढा चिकटवून घ्या. जागा एकच होती, आणि ती औंदापुरतीच थांबणार होती. दामू हे मला एकदाच बोलला, मग पुन्हा कधी नाही. मला हे ठाऊक होतं. नंतर जे झालं ते मला ठाऊक असून झालं.

मी दामूला शिकवलं. आळस केला नाही, हे माझ्या बाजूनं सांगतो. पण कसं शिकवलं? सर त्याच्याजवळ बसून ढ व्हायचे. मला ढ होणं कसं जमणार? मी पहिल्या नंबरचा. तो अडला की माझं पित्त खवळायचं. "अरे, हे डोकं आहे का हंडा?" मी म्हणायचो. "खाली तांबटाकडे नेऊन ठोकून आणू का?" दामू हसायचा. त्याला वाटायचं, शिकवणं असंच असतं. प्रमेय आणि ही वाक्यं त्यानं माझ्याकडून एकत्रच पाठ केली.

चाचणी झाली. दामू भूमितीत थोडक्यात खाली राहिला. हेडमास्तरांनी त्याचा फॉर्म बाजूला काढला.

सर त्यांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, आम्ही व्हरांड्यात कान देऊन उभे. सरांची टोपी डोक्यावर होती.

"पेपरात अडतो, मान्य," सर म्हणाले. "इंग्रजी बघून त्याचे हात कापतात. पण त्याला समजतं. वर्गात एक प्रमेय शिकवू द्या त्याला, तुमच्यासमोर. समोरच्याला समजलं तर फॉर्म पाठवा."

"आणि समजलं की नाही, हे कोण ठरवणार?" हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही?"

"मी नाही. मी त्याच्या बाजूचा. ज्याला समजून घ्यायचंय तो ठरवेल." सर बाहेर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा. त्याची जोडी आहे, पण खोटं बोलायचा नाही. वर्गात सर्वांत कडक हाच."

हेडमास्तर मला ओळखत होते. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर सरांची टोपी होती आणि सर खिडकीशी उभे होते. हेडमास्तर खुर्चीवर. मी शेवटच्या बाकावर, त्या बाकावर पहिल्यांदाच. दामू फळ्याशी. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, हे प्रमेय.

त्यानं त्रिकोण काढला, जरा वाकडा. वरच्या टोकातून पायाला समांतर अशी एक रेषा ओढली. पहिला कोन जागेवर बसवला. मला प्रश्न विचारायचे होते, ढ मुलगा विचारतो तसे. मी विचारले. हा कोन त्या कोनाएवढा का? दामूनं सांगितलं. बरोबर सांगितलं. मी पुन्हा विचारलं, कारण ढ मुलगा पुन्हा विचारतो. दामूनं पुन्हा सांगितलं, आणि आता त्याला रंग चढला. तो फळा सोडून पुढं आला, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "अरे, डोकं आहे का हंडा? तांबटाकडं नेऊन ठोकून आणू का?"

वर्ग फुटला. बाकं बडवत मुलं हसली. हेडमास्तरांच्या मिशा हलल्या. दामूही हसला, निर्मळपणानं. तो कुणाचा सूड घेत नव्हता. मी त्याला शिकवलं होतं तसंच तो मला शिकवत होता.

माझे कान तापले. शेवटच्या बाकावर बसून, सगळ्या वर्गासमोर, हेडमास्तरांसमोर, मी हंडा ठरलो होतो. प्रमेय संपत आलं होतं. दामूनं शेवटची ओळ म्हटली, खडू ठेवला आणि विचारलं, "समजलं?"

मला समजलं होतं. लख्ख समजलं होतं. पुस्तकापेक्षा बरं समजलं होतं असं नाही म्हणणार, पण जे समजायचं ते सगळं समजलं होतं. एक शब्द उच्चारायचा होता.

त्याऐवजी मी म्हणालो, "त्या टोकातून समांतर रेषा एकच का? दुसरी का नाही काढता येत?"

हा प्रश्न माझा नव्हता. पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी गोदावरीच्या काठानं परत येताना सरांनी तो फक्त मला सांगितला होता. भूमितीचा सगळा डोलारा ह्या एका गोष्टीवर उभा आहे, आणि ती कुणाला सिद्ध करता आलेली नाही, धरूनच चालावं लागतं, असं ते म्हणाले होते. मी थक्क झालो होतो. आणि मग त्यांनी बजावलं होतं, "हा प्रश्न आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याला कधी विचारू नकोस. उत्तर नाही हे तुला ठाऊक असतं. त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही."

दामूला नेमकं तेच वाटलं. तो फळ्याकडे वळला, त्या रेषेकडे बघत राहिला. हसणं थांबलं. "एकच... म्हणजे... दुसरी काढली तर..." त्यानं खडू उचलला, ठेवला. आणि मग त्याचं बोलणं गावाला गेलं. "माले नई समजनं," तो म्हणाला.

मी खिडकीकडे पाहिलं नाही.

हेडमास्तर उठले. जाताना सरांना हलकेच म्हणाले, "पाहिलंत ना?" त्यांनी जे पाहिलं ते तसंच दिसत होतं. त्यांना दोष देत नाही. पण सर काहीच बोलले नाहीत, ह्याचं मला आजवर नवल वाटत आलं. हा प्रश्न गैर आहे, ह्याला उत्तर नाही, एवढं म्हणाले असते तर सगळं पालटलं असतं. एवढंच, की मग मी खोटा ठरलो असतो, हेडमास्तरांसमोर, ज्याच्याबद्दल त्यांनी आदल्या दिवशी शब्द दिला होता तो मी. मीच खरं बोलावं म्हणून ते मला तेवढा वेळ देत होते, असं आता वाटतं. दारापर्यंत जायला हेडमास्तरांना चांगला वेळ लागला. मी बसून राहिलो.

वर्ग रिकामा झाल्यावर सर आले, खिशातून पेरू काढला आणि माझ्यासमोर बाकावर ठेवला.

"प्रश्न पेरूचाच होता," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आता दुसरा नियम. दामूचा फॉर्म अडला. तुझा सही होऊन माझ्याकडे आहे. जोडीचं काय ते तू सांग."

त्यांनी माझा फॉर्म पेरूशेजारी ठेवला आणि वाट पाहिली. ओरडले असते तर मी रडलो असतो, पाय धरले असते, हेडमास्तरांकडे धावत गेलो असतो. ते ओरडले नाहीत. मी फॉर्म उचलला. पेरूही उचलला. तो रस्त्यात खाल्ला, खोटं कशाला सांगू. गोड होता.

मी चांगल्या मार्कांनी पास झालो, पुढं शिकलो, मास्तर झालो, आणि आज नाशकातल्याच एका शाळेत मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलं मला मानतात. मी कडक आहे.

दामूची इगतपुरीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तो गावी परत चालला होता, सामान बांधून बोर्डिंगाच्या दारात उभा होता, तेव्हा सर गेले आणि त्याची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन तांबट आळीत आले. मागाहून मुलांकडून कळलं ते असं: पुढचं सबंध वर्ष सरांनी टोपी टेबलावरच ठेवली. फळ्याशी कोणी ना कोणी मुलगा, आणि शेवटच्या बाकावर दामूच्या शेजारी सर, दामूची जोडी म्हणून. हेडमास्तरांनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "माझा नियम मोडला, साहेब. नियम मोडणाऱ्या मास्तरानं टोपी घालू नये." त्या वर्षी दामूचा फॉर्म गेला. तो पास झाला. पण रेल्वे गेली ती गेलीच. मग तो शिक्षकाचं शिक्षण घेऊन कळवणकडेच एका शाळेत लागला.

सर मला नेहमी भेटायचे. मेन रोडवर, भाजीबाजारात, घाटावर. रागाचं नाव नाही. माझ्या वर्गाची चौकशी करायचे, मुलांचे गमतीचे प्रश्न विचारून घ्यायचे, पेरूच्या दिवसांत पेरू द्यायचे. आणि निघताना, हवापाणी विचारावं तशा सुरात, "कळवणला जाऊन आलास का?"

"जायचंय, सर."

"जाऊन ये. हवा चांगली आहे तिकडची."

त्यांचे केस पिकले, मग माझेही पिकू लागले. हा प्रश्न आणि हे उत्तर तसंच राहिलं. मागल्या थंडीत सर गेले. तांबट आळीतून त्यांना नेलं तेव्हा खालचं ठोकणं थांबलं होतं. त्या आळीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिच्यात मला मोठ्यानं विचार करावा लागला नाही.

नंतर सुट्टी लागली आणि मी कळवणच्या एस.टी.त बसलो. वणीला गाडी थांबली तेव्हा गडावर जाऊन आलेल्या बायकांनी ती भरून गेली. एका म्हातारीला मी माझी जागा दिली. उभा राहिल्यावर दार अगदी जवळ होतं. उतरावंसं वाटलं. उतरलो नाही.

आमच्या शाळांना सुट्टी होती, पण तिकडची शाळा भरलेली होती. कौलारू, एका खोलीची. दारात उभा राहून आत बघितलं. मुलं बसकरांवर मांडी घालून बसलेली. फळ्याशी एक चिमुरडी, परकराचा ओचा खोचून वजाबाकी समजावत होती. टेबलावर एक टोपी होती. आणि सगळ्यांत मागच्या ओळीत, मुलांमध्ये मांडी घालून, दामू. मिशा पांढऱ्या झालेल्या.

त्यानं मला पाहिलं. सर आले की सरकायचा तसा थोडा सरकला. मी चपला काढून त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

पोरीनं हातचा घेतला, उत्तर लिहिलं आणि दटावून विचारलं, "समजनं का, गुरुजी?"

"माले समजनं," दामू म्हणाला. "ह्या नव्या पोऱ्याले विचार."

सगळी मुलं मागं वळली आणि खिदळली. पोरगी माझ्याकडे बघू लागली. कंबरेवर हात.

"समजलं," मी म्हणालो. मग दामूकडे वळलो. "तेव्हाच समजलं होतं रे."

दामू फळ्याकडेच बघत होता. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "सरांनी वळकटी उचलली तेव्हाच सांगितलं मला. म्हणाले, तो येईल कळवणला, सांगायला. वेळ लागेल. जरा ढ आहे, सांभाळून घे."